टाइल न फोडता बाथरूममध्ये हँड शॉवर: घरातल्या बुजुर्गांसाठी बसवताना काय पाहावं?

अब्बांचे गुडघे आखडले, दादींना वाकून बादलीतून मग भरता येईना, किंवा अम्मीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी "बसूनच अंघोळ करा" म्हणून सांगितलं, की घरात हँड शॉवरचा विषय निघतो. आणि तितक्याच लवकर मागेही पडतो. कारण मनात भीती असते की टाइल फोडाव्या लागतील, त्या डिझाइनच्या टाइल आता बाजारात मिळणार नाहीत, चार दिवस बाथरूम बंद राहील आणि शेवटी खालच्या शेजाऱ्याच्या छताला ओल येईल.

ही भीती बहुतेक घरांत अनाठायी आहे. तयार टाइलच्या बाथरूममध्ये हँड शॉवर बसवायला साधारणपणे एकही टाइल फोडावी लागत नाही. भिंतीतून पाणी जिथे आधीच बाहेर येतं, म्हणजे नळ, मिक्सर किंवा वरचा शॉवर, तिथूनच नळी काढता येते. मात्र दुकानात जाऊन आवडला तो शॉवर उचलून आणला, असं करून चालत नाही. आधी घरातल्या तीन गोष्टी पाहाव्या लागतात. त्या कोणत्या, आणि प्लंबरला नेमकं काय सांगायचं, ते आम्ही इथे क्रमाने मांडत आहोत.

प्रश्न फक्त सोयीचा नाही

मुलगा-सून कितीही मनापासून खिदमत करणारे असोत, अंघोळीला दुसऱ्याचा हात लागणं बुजुर्गांना आवडत नाही. सतरचा संकोच असतोच. म्हणून अनेक वयस्कर मंडळी काही न बोलता अंघोळ टाळतात, घाईत उरकतात, किंवा मदत मागायची नाही म्हणून ओल्या फरशीवर एकटे उभे राहतात. पडतात ती तिथेच.

गुस्लसाठी पाणी मगाने घेतलं काय आणि शॉवरने घेतलं काय, फरक पडत नाही. ते सगळ्या अंगावर पोहोचलं पाहिजे. स्टूलवर बसलेल्या माणसाला मगाने पाठीवर पाणी घेणं जड जातं. हातातला शॉवर पाठीवर, केसांच्या मुळाशी, पायांच्या बोटांत सहज पोहोचतो. वुजू करतानाही पाय उचलून बेसिनमध्ये ठेवायची कसरत वाचते. थोडक्यात, माणूस स्वतःची तहारत स्वतः सांभाळू शकतो. खर्च करताना हा हेतू समोर ठेवावा. चकाकी आणि पाच प्रकारच्या धारा नंतर पाहता येतील.

आधी तीन गोष्टी पाहा

पहिली गोष्ट, पाणी कुठून येतं. बाथरूममध्ये थंड आणि गरम असे दोन वेगळे नळ आहेत, की दोन्ही पाणी मिसळणारा वॉल मिक्सर आहे? वरचा शॉवर आहे का? की भिंतीत दडवलेला डायव्हर्टर आणि खाली पाण्याची तोटी आहे? मोबाइलवर दोन फोटो काढून ठेवा. दुकानदाराला आणि प्लंबरला तोंडी सांगण्यापेक्षा फोटो बरा.

दुसरी गोष्ट, पाण्याचा जोर. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा जोर उंचीवर ठरतो. १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब, असा हिशेब आहे. टाकीचा तळ शॉवरच्या वर १२ मीटरवर असेल तर १.२ बार मिळतो आणि धार छान येते. सगळ्यात वरच्या मजल्यावर मात्र हे अंतर अडीच मीटरच असू शकतं, म्हणजे फक्त पाव बार. तिथे बारीक छिद्रांचा महागडा शॉवर नुसता ठिबकतो. अशा घरात मोठ्या छिद्रांचा, साधा, 'लो प्रेशर'चा शॉवर मागा. हँड शॉवरचा इथे एक फायदाही आहे. बसलेल्या माणसाच्या हातात तो वरच्या शॉवरपेक्षा सुमारे १ मीटर खाली असतो. तेवढ्याने दाब पाव बारवरून ०.३५ बारवर जातो. वरच्या मजल्यावर हा फरक लगेच जाणवतो.

जोर मोजायचा तर बादली आणि घड्याळ पुरे. नळ पूर्ण उघडा. १५ लिटरची बादली २ मिनिटांत भरली तर मिनिटाला साडेसात लिटर पाणी मिळतंय. हँड शॉवरला हे पुरेसं आहे. तीच बादली भरायला ४-५ मिनिटं लागत असतील, तर आधी नळाची जाळी किंवा पाईप तुंबलाय का ते बघा. जोर वाढवायला पालिकेच्या लाइनवर थेट मोटर लावणं मात्र बेकायदेशीर आहे. त्याने शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणीही ओढलं जातं.

तिसरी गोष्ट, वापरणार कोण. उभं राहून वापरणाऱ्या तरुणाची गरज वेगळी आणि स्टूलवर बसणाऱ्या दादींची वेगळी. संधिवाताच्या बोटांना गोल गुळगुळीत नॉब फिरवता येत नाही, लांब दांडीचा नळ लागतो. शॉवरची मूठही हलकी हवी. जड पितळी शॉवर थरथरत्या हातातून सुटतो.

टाइल न फोडण्याचे चार मार्ग

१) वरच्या शॉवरपासून. वरचा शॉवर काढून त्याच्या दांडीवर छोटा दोन तोंडांचा डायव्हर्टर बसवायचा. एका तोंडाला पुन्हा वरचा शॉवर, दुसऱ्याला हँड शॉवरची नळी. भिंतीला हात लावावा लागत नाही. अडचण एवढीच की डायव्हर्टरचा खटका उंचावर राहतो, बसलेल्या माणसाला पोहोचत नाही. म्हणून तो हँड शॉवरकडेच वळवून ठेवावा आणि चालू-बंद खालच्या नळाने करावं.

२) वॉल मिक्सर असेल तर. जुना मिक्सर काढून हँड शॉवरची जोडणी असलेला मिक्सर बसवायचा. दुकानात 'टेलिफोनिक शॉवरवाला मिक्सर' म्हटलं की देतात. मिक्सरच्या दोन पायांतलं अंतर बहुतेक वेळा १५ सें.मी. असतं आणि पाय फिरवून थोडा फरक जुळवून घेता येतो. तरी घरचं अंतर मोजून, लिहून मगच दुकानात जा. बुजुर्गांसाठी हा मार्ग सगळ्यात चांगला, कारण गरम-थंड मिसळून कोमट पाणी हातात येतं.

३) भिंतीतला डायव्हर्टर आणि तोटी असेल तर. फक्त तोटी बदलायची. बटण असलेली तोटी मिळते, तिला नळी जोडता येते. बटण उचललं की पाणी हँड शॉवरला जातं.

४) साधा नळ असेल तर. नळाच्या जागी टू-वे नळ बसवायचा. एका तोंडातून बादली भरते, दुसऱ्याला हँड शॉवर. भाड्याच्या घरात हा उत्तम मार्ग. घर सोडताना जुना नळ परत लावता येतो, म्हणून तो कपड्यात गुंडाळून जपून ठेवा.

या चौथ्या मार्गात एक धोका आहे. गरम पाण्याचा नळ वेगळा असेल तर हँड शॉवर फक्त त्या गरम नळावर कधीही बसवू नका. थेट गीझरचं पाणी अंगावर येईल. दोन्ही नळ एका रेषेत, १५ सें.मी. अंतरावर असतील तर दोघांच्या जागी एक वॉल मिक्सर बसतो. तसं नसेल तर टाइलवरून बाहेरूनच छोटा पाईप फिरवून क्लँप मारता येतो. दिसायला थोडं वाईट, पण टाइल शाबूत राहते आणि गळती लागली तर डोळ्यांना दिसते.

जुनी इमारत असेल तर

३०-४० वर्षं जुन्या इमारतींत भिंतीतले पाईप अनेकदा लोखंडी, म्हणजे जीआयचे असतात. त्यांचा आटा आतून गंजलेला असू शकतो. जुना नळ जोर लावून फिरवला की निप्पल भिंतीच्या आत तुटतं, आणि मग खरंच टाइल फोडावी लागते. म्हणून अशा घरात हे काम स्वतः करू नका. अनुभवी प्लंबर बोलवा, तोही सकाळी, म्हणजे काही लागलं तर दुकानं उघडी असतील. बाथरूमचा मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतो का ते आदल्या दिवशी तपासा. होत नसेल तर गच्चीवरची लाइन बंद करायला सोसायटीला आधी कळवा. आणि जुना नळ हलतच नसेल तर हट्ट सोडून पहिल्या मार्गाने जा.

नव्या घरांत पाईप सीपीव्हीसीचे असतात. तिथे अति घट्ट आवळल्याने आतला एल्बो तडकतो. आट्यावर टेफ्लॉन टेप नीट गुंडाळली तर फार आवळावं लागत नाही. नळीच्या टोकाला मात्र टेप लागत नाही. तिथे आत रबरी वॉशर असतो आणि हाताने घट्ट केलेलं पुरतं. नवी नळी पहिल्याच दिवशी गळत असेल, तर वॉशर वाकडा बसला आहे का किंवा बसवायचाच राहिला आहे का, ते आधी पाहा.

हुक कुठे आणि कसा?

एवढ्या कामात टाइलला भोक पडतं ते फक्त हुकसाठी. त्याची जागा प्लंबरने ठरवू नये, वापरणाऱ्याने ठरवावी. दादींना कोरड्या बाथरूममध्ये स्टूलवर बसवा आणि हात सहज कुठे पोहोचतो तिथे पेन्सिलने खूण करा. साधारण ९० ते ११० सें.मी. उंची येते. उभ्याने वापरणाऱ्यांसाठी दुसरा हुक वर लावता येतो.

नळाच्या सरळ वर किंवा आडव्या रेषेत ड्रिल करू नका. पाईप बहुतेक त्याच रेषेत असतो. टाइलच्या कडेपासून लांब राहा. बोटाने टकटक करून पाहा. पोकळ आवाज येतो तिथे मागे सिमेंट नाही, ती टाइल फुटते. खुणेवर चिकटपट्टी लावा म्हणजे बिट घसरत नाही. टाइलसाठीचं खास बिट वापरा, वेग कमी ठेवा आणि टाइल पार होईपर्यंत हॅमर बंद ठेवा. भोकात प्लास्टिकचा प्लग आणि थोडं सिलिकॉन भरून स्टेनलेस स्टीलचा स्क्रू लावा. सिलिकॉनमुळे भोकातून भिंतीत पाणी मुरत नाही.

भोक नकोच असेल तर चिकटवायचा हुकही मिळतो. पण एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगा: शॉवरचा हुक किंवा शॉवर सरकवायची उभी दांडी हा आधार नव्हे. घसरताना माणूस समोर दिसेल ते धरतो, आणि ती दांडी भिंतीतून निघून हातात येते. बुजुर्गांसाठी आधाराचा दांडा वेगळा, पक्क्या भिंतीत, मोठ्या स्क्रूने लावलेला हवा. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर आधी आधाराचा दांडा आणि न घसरणारं स्टूल घ्या. शॉवर पुढच्या महिन्यात आला तरी चालेल.

गरम पाणी, वीज आणि गॅस

गीझरमधलं पाणी ६० अंश सेल्सिअस असेल तर काही सेकंदांत कातडी भाजते. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची जाणीव कमी झाली आहे, त्यांना भाजल्याचं लवकर कळतही नाही. म्हणून सवय ठरवून घ्या. आधी थंड पाणी उघडायचं, मग हळूहळू गरम, आणि अंगावर घेण्याआधी कोपरावर किंवा मनगटावर पाहायचं. बंद करताना आधी गरम.

काही शॉवरच्या मुठीवरच बंद करायचं बटण असतं. साबण लावताना मिनिटभर ते ठीक आहे. पण मिक्सर उघडा ठेवून फक्त बटणावर भरवसा ठेवला तर नळीत सतत दाब राहतो आणि एक दिवस नळी फुटते. शिवाय मिक्सरमध्ये गरम आणि थंड लाइन एकमेकींना जोडलेल्या राहतात, आणि ज्या बाजूचा दाब जास्त ते पाणी दुसऱ्या लाइनमध्ये शिरतं. अंघोळ झाली की नळ मिक्सरवरच बंद करा.

बादलीचं पाणी स्विचबोर्डपर्यंत उडत नव्हतं, हँड शॉवरचं उडतं. बोर्ड बाथरूमच्या आत असेल तर तो बाहेर हलवल्याशिवाय शॉवर बसवू नका. गीझरच्या लाइनला अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या.

गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर आणखी सावध राहा. बंद जागेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, आणि माणूस बेशुद्ध पडेपर्यंत काही कळत नाही. शॉवरने अंघोळ लांबते, म्हणजे गीझरही जास्त वेळ जळतो. गॅस गीझर बाहेर, मोकळ्या हवेत हलवणं हाच उपाय. खिडकीची फट उघडी ठेवली की झालं, असं समजू नका.

नळी जमिनीवर लोळू नये

संडास-बाथरूम एकत्र असेल तर शॉवरचं तोंड फरशीला लागलं की तहारतची शंका येते, आणि ती रास्त आहे. आरोग्याच्या दृष्टीनेही तेच खरं. शॉवरचं तोंड भरलेल्या बादलीत बुडलेलं असताना वरून पाणी गेलं, तर नळीतून बादलीतलं घाण पाणी उलटं पाईपमध्ये ओढलं जाऊ शकतं. आपल्याकडे पाणी दिवसातून ठराविक वेळच येणाऱ्या वस्त्या कमी नाहीत, म्हणून ही शक्यता खरी आहे. शॉवर नेहमी हुकवर, बादलीच्या काठाच्या वर टांगलेला हवा.

नळीची लांबी त्यासाठीच मोजून घ्या. नळ जमिनीपासून ६० सें.मी. आणि हुक १०० सें.मी.वर असेल तर दीड मीटरची नळी टांगल्यावर जमिनीपासून जेमतेम ५ सें.मी. वर राहते. त्याहून लांब घेतली तर लोळणारच. संडासाजवळच्या जेट स्प्रेला १ मीटर पुरते. त्याचा अँगल कॉक अर्धाच उघडा ठेवा. जोर जास्त असला की शिंतोडे कपड्यांवर येतात आणि पुन्हा कपडे बदलायची वेळ येते.

पाणी जास्त जाईल का?

जाऊ शकतं. मिनिटाला ८ लिटर धरलं तर १० मिनिटांत ८० लिटर, म्हणजे २० लिटरच्या चार बादल्या. तेच साबण लावताना शॉवर बंद ठेवला आणि पाणी एकूण ३ मिनिटंच चालू राहिलं, तर २४ लिटरमध्ये अंघोळ होते. हदीसमध्ये येतं की पैगंबर मुहम्मद (स.) एक मुद पाण्यात वुजू आणि एक साअ ते पाच मुद पाण्यात गुस्ल करत. एक मुद म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास, हनफी हिशेबात त्याहून जास्त. तेवढ्यात भागवणं आपल्याला जमेल न जमेल, पण पाणी वाहतं ठेवून गप्पा मारणं तरी नक्की टाळता येईल. शॉवर सुरू करताना गरम पाणी येईपर्यंतचं थंड पाणी बादलीत धरा, फरशी धुवायला होतं.

बोअरचं जड पाणी असेल तर शॉवरच्या छिद्रांत पांढरा क्षार साचतो. महिन्यातून एकदा शॉवरचं तोंड काढून सिरक्यात तासभर बुडवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. रबरी टोकांची छिद्रं असलेला शॉवर घेतला तर बोटाने चोळूनही क्षार निघतो.

प्लंबर जाण्याआधी

जोडणी कोरडी पुसा, तिच्याभोवती कोरडा कागद दाबा आणि अर्धा तास पाणी चालू-बंद करून पाहा. कागद भिजला तर प्लंबर असतानाच दुरुस्त करून घ्या. पुढचे दोन-तीन दिवस भिंतीच्या पलीकडच्या खोलीत आणि खालच्या घराच्या छतावर ओल येते का, ते विचारा. जुना डाग असेल तर त्याच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून ठेवा. रेघेबाहेर ओल गेली तर गळती नवी आहे. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार संडास, सिंक वगैरे फ्लॅटच्या आतल्या गळतीचा खर्च सभासदालाच करावा लागतो. त्यापेक्षाही, शेजाऱ्याच्या घरात आपल्यामुळे पाणी टपकू नये, ही जबाबदारी आपली आहेच.

जुना नळ, शिल्लक वॉशर आणि वस्तूंची पावती एका पिशवीत घालून ठेवा, वॉरंटीला पावती लागते. आणि पहिल्या दिवशी बुजुर्गांना कपड्यांनिशी स्टूलवर बसवून नळ उघडणं, कोमट करणं, शॉवर हुकवर टांगणं हे सगळं एकदा त्यांच्याच हाताने करून घ्या. कुठे हात पोहोचत नसेल, तर हुक हलवायला प्लंबर अजून घरातच आहे.